दावा कुठे चालायचा, हे ठरेपर्यंतच दोन वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पत्नीच्या सोयीसाठी घटस्फोटाचा दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग’ अशा अर्थाची बातमी महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या कुठल्या तरी पानावर असते. चार ओळींची बातमी. ती वाचून आमच्या कट्ट्यावर लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते बायकांचे लाड चाललेत, दुसऱ्याच्या मते योग्य तेच झालं. मी एकतीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या कोर्टांत कारकुनी केली, शेवटी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या चार ओळींच्या आधी काय घडून गेलेलं असतं ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारीखवार नोंदीत, लिहायचो : ‘अर्जदार हजर. जाबदार हजर. मे. कोर्ट रजेवर. पुढील तारीख अमुक.’ ‘जाबदार’ म्हणजे ज्याच्यावर दावा आहे तो, ‘मे. कोर्ट’ म्हणजे न्यायाधीश. लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्यातली ‘जाबदार हजर’ म्हणजे एक पंचविशीतली बाई. शेजारच्या जिल्ह्यातल्या माहेराहून पहाटेच्या एसटीने निघालेली, कडेवर तीन वर्षांचं पोर, सोबत वडील. नवऱ्याच्या गावात एकटीने स्टँडवर उतरायचीही तिला धास्ती, म्हणून वडिलांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला. अकराला पुकारा होईल म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दीड वाजता मी तिला पुढची तारीख सांगितली. तिने मला विचारलं, “साहेब, आदल्या दिवशी फोन केला तर साहेब आहेत का नाहीत, सांगाल का?” मी ऑफिसचा लँडलाइन नंबर कागदावर लिहून दिला. नियमात बसत होतं की नाही, माहीत नाही. त्यानंतर ती दर तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी फोन करायची. एसटीचं तिकीट बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं झालं, पण हे त्याच्या बऱ्याच आधीचं आहे.

लोकांना वाटतं, नवरा-बायकोचा दावा कुठे चालवायचा हे कायद्यात स्पष्ट असेल. आहेही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागलं तिथे, जाबदार जिथे राहतो तिथे, किंवा दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले तिथे अर्ज करता येतो. आता हिशेब करा. लग्न बऱ्याचदा मुलाकडच्या मंगल कार्यालयात, संसार मुलाच्या गावी. १९५५ पासून जवळपास अर्धं शतक माहेरी परतलेल्या बाईला तिच्या गावच्या कोर्टाचं दार बहुधा बंदच होतं. २००३ साली दुरुस्ती झाली आणि पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथे अर्ज करण्याची मुभा मिळाली. चांगली दुरुस्ती. पण ती अर्धीच झाली, हे माझं स्पष्ट मत आहे. अर्ज तिने केला तर तिच्या गावी. तोच नवऱ्याने आधी केला तर? मग तिने त्याच्या गावी हेलपाटे घालायचे, नाहीतर दावा वर्ग करून मागत वरच्या कोर्टाची पायरी चढायची.

त्यात कलम २१-अ. दोघांनीही घटस्फोटाचे किंवा न्यायिक विभक्ततेचे (लग्न न मोडता कायद्याने वेगळं राहण्याचे) अर्ज वेगवेगळ्या कोर्टांत टाकले, तर नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टात जातो. तर्क ठीक आहे; एकाच जोडप्याचे दोन निकाल नकोत. पण याचा व्यवहारातला अर्थ वकील मंडळी पहिल्याच भेटीत सांगतात : आधी टाका. समेटाची बोलणी चालू आहेत, मामा मध्यस्थीला येणार आहेत, असं असताना आठवड्याच्या आत दोन्हीकडून अर्ज दाखल झालेले मी पाहिलेत. आणि ‘नांदायला ये’ म्हणून जे दावे येतात, त्यातल्या कितींना खरोखर बायको घरी यायला हवी असते हा प्रश्न मला नोकरीभर पडला. काही अर्ज वाचतानाच कळायचं की बायको घरी आणण्यापेक्षा कोर्ट आपल्या गावात आणण्याची घाई जास्त आहे.

इकडे बाकीचे कायदे नेमके उलटे चालतात. पोटगीचा अर्ज बायको राहते तिथे चालतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तर ती तात्पुरती राहत असेल तिथलं कोर्टही चालतं. छळाच्या फिर्यादीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की सासर सोडून ती जिथे आसऱ्याला गेली, तिथेही फिर्याद देता येते. म्हणजे एकाच संसाराच्या चार फायली, दोन गावांत. मंगळवारी तो हिच्या गावी, गुरुवारी ही त्याच्या गावी. मध्ये दोघांचेही दोन वकील, आणि एकाला दुसऱ्याकडे काय झालं याचा पत्ता नाही.

दावा वर्ग करून घ्यायचा म्हणजे काय, हेही सांगतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन कोर्टांचा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायाधीश हलवू शकतात. जिल्हा बदलला की उच्च न्यायालय. आमच्या भागातल्या बाईला त्यासाठी मुंबईचा वकील गाठावा लागायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची ती पायपीट कमी झाली, याबद्दल कोल्हापूरकरांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण राज्य बदललं की थेट दिल्ली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २५ तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला देतं. कागल आणि निपाणी यांच्यात किती अंतर आहे? हायवेने वीसेक किलोमीटर. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. सोयरीक या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या होते, कुणाला सीमा आठवतही नाही. सीमा आठवते ती दावा पडल्यावर. गडचिरोलीचा दावा सिंधुदुर्गात आणायचा असेल तर मुंबईचं उच्च न्यायालय पुरतं. निपाणीचा कागलला आणायचा तर दिल्लीत अर्ज. उदगीर-बीदर, अक्कलकोट-कलबुर्गी, नंदुरबार-सुरत, सगळीकडे हेच.

सर्वोच्च न्यायालयातली परिस्थिती काय, ते तेव्हाच्या सरन्यायाधीशांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं. वैवाहिक दावे वर्ग करण्याचे सुमारे तीन हजार अर्ज तुंबले होते आणि प्रत्येक खंडपीठाने रोज असे दहा अर्ज घ्यायचे ठरलं. त्याआधी २०१९ मध्ये नियम बदलून असे अर्ज एकट्या न्यायमूर्तीने ऐकायची सोय झाली होती. हे सगळं स्तुत्य आहे. पण घटनेचा अर्थ लावायला बसवलेल्या न्यायालयाने कागलच्या बाईला तान्हं पोर घेऊन निपाणीला जाणं जमेल का, हे पाहत बसायचं? या अर्जाचा निकाल लागेस्तोवर मूळ दाव्याला बहुधा स्थगिती असते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २१-ब म्हणतं, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा संपवण्याचा प्रयत्न करावा. सहा महिने! आमच्याकडे कित्येकदा तेवढ्यात वर्ग होऊन आलेली फाईल नोंदवायचीही राहिलेली असायची. मागचं रेकॉर्ड आलेलं नाही, एक निशाणी (फाईलमधला क्रमांक दिलेला कागद) गहाळ आहे, अशी पत्रं मीच पाठवली आहेत. पत्राच्या मथळ्यातलं ‘दोन वर्षं’ कुठल्या अहवालातलं नाही, माझ्या टेबलावरचं आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी पाहिली. ट्रकवर ड्रायव्हर असलेला एक जण. बायको माहेरी, चांगल्या नोकरीत, मूलबाळ नाही. तिच्या गावी याच्यावर तीन प्रकरणं, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. प्रत्येक तारखेला त्याची एक खेप बुडायची, मालकाने शेवटी गाडी काढून घेतली. तो गैरहजर राहिला की वॉरंट. त्याला ‘पत्नीची सोय पाहावी’ हे वाक्य ऐकवायला मला जड गेलं असतं. सर्वोच्च न्यायालयालाही हे दिसलेलं आहे. बायकांना दिलेल्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय, प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावर पाहावा, असं त्यांनी मागेच म्हटलं. २०२२ च्या निकालात पुन्हा, साधारणपणे पत्नीची सोय पाहावी, पण दोघांची कमाई, सामाजिक स्थिती, कोण कुणाच्या आधाराने जगतंय हेही तपासावं, असं सांगितलं. तेव्हा ‘लाड’वाल्या मंडळींनी जरा निकाल वाचावेत.

व्हिडिओ कॉन्फरन्सचं काय, असं कुणी विचारेल. त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. मार्च २०१७ मध्ये न्या. गोयल आणि न्या. लळित यांच्या खंडपीठाने सुचवलं की दावा हलवण्याऐवजी दूर राहणाऱ्याला पडद्यावरून हजर राहू द्या. सात महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. आधी समेटाचा प्रयत्न समोरासमोर व्हावा, तो फसल्यावर दोघांनी मिळून मागितलं तरच व्हिडिओ. बहुमतात न्या. खानविलकर, विरोधी मत न्या. चंद्रचूड यांचं, म्हणजे मराठी न्यायमूर्तींतही एकमत नव्हतं! बहुमताची भीती मला पटते. बंद दाराआड चालणाऱ्या दाव्यात पडद्यापलीकडे बाईच्या शेजारी कोण बसून उत्तरं पढवतंय, नवऱ्याच्या बाजूला कोण रेकॉर्ड करतंय, कळणार कसं? पण ती भीती जबाब, उलटतपासणी आणि समुपदेशनाची. ‘मे. कोर्ट रजेवर’ ऐकायला कोणी कशाला प्रवास करावा? माझ्या अंदाजाने वैवाहिक दाव्याच्या दहा तारखांत सात तारखा अशाच असतात : म्हणणं दाखल करायला मुदत, वकील गैरहजर, समन्सचा अहवाल आला नाही. त्या सात तारखांना बाईला तिच्या तालुक्याच्या कोर्टातून हजेरी लावता आली, तर दावा हलवण्याच्या अर्जांतले निम्मे तरी दाखलच होणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दावा कुठे चालायचा हा प्रश्न पहिल्या तारखेला, त्याच कोर्टात सुटला पाहिजे. आज खालच्या न्यायाधीशांना तो अधिकार नाही. समोर बाई रडत असली तरी ते फक्त ‘वरिष्ठ कोर्टात अर्ज करा’ म्हणू शकतात. कलम १९ मध्ये जाबदार पत्नीलाही एक संधी द्या. पहिल्या हजेरीला तिने साधा अर्ज करावा, न्यायाधीशांनी दोघांना समोर बसवून तीन-चार प्रश्न विचारावेत आणि महिन्यात आदेश करावा, राज्य कुठलंही असो. माझ्या मते पहिला प्रश्न ‘मूल कुणाकडे आहे आणि कुठल्या शाळेत आहे’ हा असावा. ताब्याचा दावा मूल जिथे राहतं तिथे चालतो, हे १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यातच आहे. आईबापांचा दावा त्याच्या मागे गेला तर बिघडलं काय? मूल नसेल तर कमाई पाहा, घरातलं आजारपण पाहा. त्या ड्रायव्हरलाही मग कोणीतरी विचारेल. आणि जिथे जाईल तिथे चारही फायली बरोबर जाव्यात, तारखा एकाच दिवशी पडाव्यात.

हा बदल संसदेने करायचा आहे, तो होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र आजही करता येते. दावा हलवायला नकार देताना वरची कोर्टं अनेकदा आदेशात लिहितात की नवऱ्याने दर तारखेला पत्नीचा आणि सोबत येणाऱ्या एकाचा प्रवासखर्च द्यावा. कागदावर छान दिसतं. माझ्या माहितीतल्या बायकांपैकी तो खर्च नियमित मिळालेली एकच आठवते. बाकीच्यांनी दोन-तीनदा अर्ज केले, मग त्या अर्जांच्याही तारखा पडल्या. तेव्हा त्याच आदेशात एक ओळ वाढवावी : खर्चाची रक्कम तारखेच्या आधी नाझराकडे (कोर्टातले पैशांचे व्यवहार पाहणाऱ्याकडे) जमा करावी, आणि पावती फाईलला लागलेली नसेल तर अर्जदार नवऱ्याचं काम त्या दिवशी पुढे चालवू नये. पावती लावायला कारकुनाला अर्धं मिनिट लागतं.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन अधीक्षक