दिवाणाखाली सापडलेलं डोकं

चिंचवड, रविवार

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतच्या डबीत तुझा एमिसरी आहे, तुझ्या त्या मोठ्या खेळण्यातल्या रोबोचा, फोर्ट्रेस मॅक्सिमसचा, सगळ्यात छोटा बाहुला, मधल्या रोबोचं डोकं होतो तो. दिवाणाच्या मागच्या पायाशी, अगदी भिंतीला लागून पडला होता. शुक्रवारी आईच्या झाडूला काहीतरी अडकलं म्हणून तिने मला वाकायला लावलं, तर हा. जेमतेम दीड इंचाचा. त्या दिवशी तू भराभरा सगळं खोक्यात कोंबत होतीस तेव्हा घरंगळला असणार. डबी माझ्या ड्रिलच्या बिटांची आहे, पुसून कापूस घातलाय. झाकण सैल आहे, रबर काढताना जपून.

फोन तू आईला करतेस आणि मी शेजारी बसून ऐकतो. म्हणून हे पत्र. तू सोडलेल्या नोकरीचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय आणि काढणारही नाही. फक्त पीएफचं एकदाच विचारतो. काढला नाहीस ना? झालं, विचारून झालं.

त्या रोबोवरचा तुझा व्हिडिओ पाहिला. शेहेचाळीस मिनिटांचा. दादाने टीव्हीवर लावून दिला, आईने कुकरचा गॅस बंद केला आणि आम्ही दोघं बसलो. पहिल्यांदा पाहताना मला तूच दिसत होतीस. वाळलीस का, मागची भिंत ओली आहे का, ठाण्याच्या त्या खोलीला खिडकी आहे की नाही. दुसऱ्यांदा जरा खेळणं दिसलं. तिसऱ्यांदा मी एकटाच, वही घेऊन बसलो.

एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. विसाव्या मिनिटाला पायाचं पॅनेल उघडून आतले गोल गोल डाग दाखवलेस आणि म्हणालीस, फिनिशिंग कच्चं आहे. ते डाग इजेक्टर पिनचे आहेत. साचा उघडला की पार्ट कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या उंचवट्याला, चिकटून बसतो, त्याला मागून पिना ढकलून बाहेर काढतात. त्या पिनांची डोकी पार्टवर उमटतातच. साचे करणाऱ्या टूलरूमवाल्याची अक्कल ती कुठे उमटू द्यायची यात असते. यांनी एकूण एक आतल्या बाजूला घेतल्यात. दोन फुटांचा एवढा मोठा रोबो, शेकडो पार्ट, आणि दर्शनी बाजूला मला एकही दिसली नाही. त्या माणसांना मी सलाम करतो. तू त्यांचे गुण कापलेस, ते परत दे.

उलट खरी गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, उजेड तिरका पडतो तिथे, किंचित खोलगट सावली दिसते. तो सिंक मार्क. मागे मजबुतीची जाड पट्टी, रिब, असणार. तिथलं प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आटताना वरची कातडी आत ओढून घेतं. पुढच्या वेळी दिवा समोरून लावू नकोस, बाजूने लाव.

पण ते जाऊ दे. चोविसाव्या मिनिटाला तू मधला रोबो, तो सेरेब्रॉस, हातात घेतलास आणि अंगठ्याचं नख त्याच्या खांद्यावरून हळूच ओढलंस. कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. म्हणालीस, "ही पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, नखाला लागत नाही, म्हणजे साचा चांगला बसलाय." आईने माझा हात धरला. म्हणाली, हे तुमचं. एकतीस वर्षं मी तेच केलं गं. पार्ट हातात आला की आधी नख, मग व्हर्नियर. हे तुला कधी शिकवल्याचं मला आठवत नाही.

खंडेनवमीला तुला कंपनीत न्यायचो ते आठवतं का? सहा वर्षांची असशील, पिवळा फ्रॉक, शकूमावशीने शिवलेला. मशिनना झेंडूच्या माळा, लेथवर हळदकुंकू, आणि पूजेआधी पोरांना दाखवायला म्हणून एक मशिन चालू ठेवलेलं. ऑपरेटरने बटणं कापून टोपलीत टाकली आणि उरलेला रनर, साच्यातल्या वाटांमध्ये थिजलेलं प्लॅस्टिक, तुझ्या हातात दिला. कोमट होता अजून. मधे खोड, दोन्हीकडे फांद्या. तू ओरडलीस, "बाबा, झाड!" घरी येईपर्यंत मुठीतून सोडलं नाहीस. पुढे दर महिन्याला मी तुला झाडं आणायचो, निळं, काळं, एकदा पारदर्शक. देवघराच्या खिळ्याला टांगून ठेवायचीस आणि नाना म्हणायचे, हे काय अमंगळ. तो रनर खरं तर कंपनीत पुन्हा दळून नव्या दाण्यात मिसळतात. फार मिसळला तर पार्ट ठिसूळ होतो. म्हणून सुपरवायझर हिशेब ठेवायचा, आणि तरी तुझ्यासाठी महिन्याला एक सोडायचा.

हे सगळं लिहायचं नव्हतं. मला सांगायचं होतं ते पैशाचं. नोकरीचं नव्हे, पैशाचं. तुझी चार वर्षं सात महिने झाली होती. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर बसतो, हे तुला ठाऊक असेलच. तसाच राहू दिलास तर पुढे कुठे लागलीस की जुनी सेवा जोडून धरतात. सव्वाआठ टक्के व्याज आहे, एवढं कुठली बँक देते? आणि तू म्हणशील पुढे कुठे लागायचंच नाही. बरं, नको लागूस. तरी राहू दे.

परत तेच केलं मी. माफ कर.

खेळण्याबद्दल लिहितो. ती डायक्लोनची हकीकत तू सांगितलीस तिथे मी टीव्ही थांबवला. 1980 साली जपानच्या टकाराने काढलेल्या त्या रोबोंमध्ये बसवायला इंचभराचे चालक असायचे, पायात लोहचुंबक लावलेले. मग 1984 साली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने तीच खेळणी ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला घेतली, रोबो स्वतःच जिवंत आहेत अशी गोष्ट रचली आणि चालक काढून टाकले. गाडी होणाऱ्या रोबोंमधली सीट मात्र तशीच राहिली, रिकामी. हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण ऐकताक्षणी पटलं. स्टीलमध्ये कोरलेली सीट बुजवायची म्हणजे साच्यात वेल्डिंग, पुन्हा मशिनिंग, पुन्हा पॉलिश, पुन्हा ट्रायल. गोष्ट बदलायला कागद लागतो, साचा बदलायला पैसा. संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत, तर म्हटलं, आमच्या सईचा त्यात अभ्यास आहे.

अभ्यासच म्हटलं मी. दोन आठवड्यांपूर्वी याच घरात दुसरा शब्द वापरला होता, तोही आठवतो.

तसंच त्या फोर्ट्रेस मॅक्सिमसचं. मूळचा 1987 चा, आणि 2013 साली मेट्रोप्लेक्स नावाचा रोबो येईपर्यंत ट्रान्सफॉर्मर्समधला सगळ्यात उंच तोच. मग 2016 साली हा तुझावाला काढला, तो त्या मेट्रोप्लेक्सच्याच साच्यांत बरेच फेरफार करून. तू हे जरा नाराजीने सांगितलंस, जणू काही फसवणूक झाली. सये, आमच्या धंद्यात याला हुशारी म्हणतात. साच्याची बाहेरची चौकट, बोल्स्टर, तोच ठेवायचा आणि आतले आकाराचे तुकडे, इन्सर्ट, बदलायचे. जुन्या साच्याच्या पोटातून नवा पार्ट काढायला नवीन साच्याइतकंच डोकं लागतं. सगळे सांधे जिथल्या तिथे जुळायला हवेत, आणि एबीएस जातीचं प्लॅस्टिक आटतं शेकडा अर्धा, अ‍ॅसिटल जातीचं आटतं दोन. त्या करकर वाजणाऱ्या कमरेच्या सांध्यात मला पाहताक्षणी अ‍ॅसिटल वाटलं, कारण एबीएसचे दात एवढ्या वजनाखाली टिकायचे नाहीत. सांधा आवाज करतो म्हणून तू नाक मुरडलंस. तो आवाज म्हणजे दाता-दातावर टेकत जाणारी कमर आहे. त्याच्यावरच तो दोन फुटांचा गडी उभा राहतो.

सेकंडहँड घेतलास, तेव्हा डावा पाय सैल असणारच. त्यात नेलपॉलिश घालू नकोस. गोळीच्या सांध्याला चालतं ते, दातांच्या सांध्याला नाही. उघडायचा असेल तर माझ्याकडे आण, मी बघतो. आणि त्याला खिडकीत उन्हात मांडू नकोस, एबीएसमधलं रबर उन्हाने मरतं, आधी पिवळं पडतं मग तडकतं. त्या जुन्या सोनेरी खेळण्यांचं तू सांगितलंस ना, चकाकीची भुकटी घातलेलं प्लॅस्टिक कपाटात बसल्या बसल्या भुगा होतं? आपल्याकडेही मेटॅलिक शेडच्या नॉबचं असंच झालं होतं, स्क्रू पिळला की टचकन तुटायचे. दोष मिळायला दीड महिना लागला.

किंमत विचारत नाही. तू व्हिडिओत म्हणालीस की अमेरिकेत तेव्हा दीडशे डॉलर होती. आता जुना झाल्यावर किती, ते तू सांगितलं नाहीस. आणि माझं मन तिथे जातं. ते पैसे कुठून आले, एवढंच.

तुला एक गोष्ट नीट कधी सांगितली नाही. तू तिसरीत होतीस तेव्हा कंपनी बंद झाली असं आपण म्हणतो. ती बंद नंतर झाली. मी आधी सोडली होती. तळवड्यात दोन मशिनचं स्वतःचं टूलरूम काढायचं, आपल्या मनासारखे साचे करायचे, कुणी घाई करायची नाही, हे माझं वेड होतं. त्यासाठी पीएफ काढला. एक लाख ब्याऐंशी हजार. चौदा महिन्यांत संपला. काम वाईट नव्हतं गं, माझे साचे गिऱ्हाईक हातात घेऊन बघत राहायचं. पण पैसे सहा-सहा महिन्यांनी द्यायचं, आणि मागे काहीच उरलं नव्हतं. आईच्या पाटल्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. ती दिवाळी तुला आठवते का मला ठाऊक नाही, तू काही मागितलं नव्हतंस. मग भोसरीत पुन्हा नव्याने लागलो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली.

तेव्हा तू खेळण्यांत आयुष्य घालतेस याची मला भीती नाही. तू माझ्यासारखी आहेस याची आहे. आवडीचं काम समोर आलं की मागे बघत नाहीस. मागे काहीतरी राहू दे सये. काम कर, मनापासून कर, पण ते एक खातं बंद आहे असं समज.

त्या दिवशी मी म्हणालो, "सत्तावीस वर्षांची घोडी, हे काय वय आहे खेळण्यांशी खेळायचं?" तेव्हा हा एमिसरी तुझ्या हातात होता. तू काही बोलली नाहीस, त्याला खाली ठेवलंस. म्हणजे माझ्या त्या बोलण्यानेच तो दिवाणाखाली गेला. व्हिडिओत तू म्हणालीस की मधल्याचं डोकं मिळत नाहीये, सेकंडहँड घेताना असं होतं. घरात हरवलं असं म्हणाली नाहीस. विकणाऱ्यावर नाव गेलं, पण घरचं वर काढलं नाहीस. मला ते लागलं.

शुक्रवारपासून तो माझ्याजवळ होता. भिंगाखाली पाहिला. दोन्ही पाय एकत्र, हात बारीक पिनांवर, आणि पाठीवर आख्खा चेहरा. पाय मुडपून गोळा केला की तो चेहरा समोर येतो आणि माणसाचं डोकं होतं. मला ते जमायला बराच वेळ लागला, बोटं जाड झालीत. एवढ्याशा तोंडाचे डोळे, नाक, ओठ साच्यात किती बारीक कोरलेत, धार कुठे मेलेली नाही. ते स्पार्कवर, म्हणजे ठिणग्यांनी स्टील कोरणाऱ्या मशिनवर, काढलं असेल तर तांब्याचा इलेक्ट्रोड करणाऱ्याचा हात मला बघायला आवडेल. डाव्या गुडघ्यामागे केसाएवढा फ्लॅश, साच्याच्या फटीतून आलेलं जादा प्लॅस्टिक, आहे. मी काढलेला नाही. तुझा पार्ट आहे, तू ठरव. ब्लेड उभं धरून खरवड, कापू नकोस.

आता तो मधल्याच्या मानेवर बसव, मधल्याचं डोकं करून मोठ्यावर चढव, आणि पूर्ण उभा राहिलेला मला दाखव. वेगळा व्हिडिओ नको, फोनवर फोटो पाठवलास तरी चालेल. आईच्या नको, माझ्या फोनवर.

दिवाळीला येशील तेव्हा पाय घेऊन ये. मी लहान पेचकसांचा सेट काढून तेल लावून ठेवलाय.

तुझे
बाबा

ता. क. आईने डबीखाली कागदात दोनशे ग्रॅम शेंगदाण्याची चटणी घातलीय. आणि पीएफ काढलाच असशील तर तेही सांग, रागावणार नाही. किती उरलेत तेवढं सांग.