पहिल्या नाताळाच्या आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

वहिनींना जाऊन आता पाच महिने होतील. यंदा नाताळ करायचा की दार लावून बसायचं, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर नाताळ कर, पण छोटा कर, आणि त्यात रडायला जागा ठेव. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचा काळ, चार रविवारांचा असतो, म्हणजे ठरवायला वेळ आहे. ठरवायचं ते आत्ताच ठरव. चोवीस तारखेच्या संध्याकाळी काही ठरवायला गेलास तर जमणार नाही, तेव्हा मन ताब्यात नसतं.

नाताळ हा हसऱ्या घरांचा सण, असं दुकानांच्या रोषणाईने आपल्या मनावर ठसवलं आहे. शास्त्रातलं बेथलेहेम पाहा. त्याच वाटेवर याकोबाची बायको राहेल बाळंतपणात गेली आणि त्याने तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला (उत्पत्ति ३५). नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून नामी परतली ती याच गावात. वेशीवर बायका ओळख दाखवायला आल्या तेव्हा ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. तिथे कुणी तिला गप्प केल्याचं रूथच्या पुस्तकात नाही. आणि मत्तयाने तर ख्रिस्तजन्माच्या लगोलग हेरोद राजाने मारवलेल्या बाळांची हकिगत सांगून, लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीचा यिर्मयातला आक्रोश पुन्हा ऐकवला आहे. ‘ती सांत्वन पावेना’ हे शब्दसुद्धा गाळले नाहीत. जुन्या मंडळ्यांच्या पंचांगात २८ डिसेंबर हा दिवस त्या बाळांचा आहे. आपल्याकडे त्यावर प्रवचन क्वचितच होतं, याचं मला फार वाईट वाटतं. तारण करणारा ज्या गावात जन्मला ते गाव आधीपासून रडणाऱ्यांचं होतं. त्यामुळे तू जड छातीने चर्चमध्ये बसलास तरी उपरा नाहीस.

आता शरीराचं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं, त्याला झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खाऊ घातलं (१ राजे १९). देवाचा मंद शब्द त्यानंतर आला, चाळीस दिवस चालून झाल्यावर. हाच क्रम तू पाळ. दोन वेळचं जेवण ठरल्या वेळी, भूक नसली तरी अर्धी भाकरी आणि वरण. झोप मोडलेली असेल तर मध्यरात्रीच्या उपासनेचा हट्ट धरू नकोस, २५ ची सकाळची उपासना तितकीच पुरी आहे. संध्याकाळी ‘थोडीशी’ घ्यायला बोलावणारे मित्र या दिवसांत हटकून भेटतात. घेतल्याने झोप लागते, पण पहाटे तीनला मोडते आणि मग उरलेली रात्र जास्त वाईट जाते.

प्रार्थना जमत नाही म्हणतोस, तर स्तोत्र १३ घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर?’, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीत तसंच लिही. वर देवाचं नाव, मग तुझे ‘कोठवर’, जितके असतील तितके, भाषा न सजवता. मग एक नेमकी मागणी: ‘उद्या मुलांचे डबे भरायला बळ दे’ एवढीसुद्धा चालते. भरवशाची ओळ येत नसेल तर जागा कोरी सोड आणि वही मिट. पंधरा मिनिटं पुरे. इथे पुष्कळांचं चुकतं ते असं, की पहिल्या ओळीपासूनच स्तुती केली पाहिजे असं वाटून तक्रार गिळतात, आणि आठवड्याभरात प्रार्थनाच सुटते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी कसलाही उजेड नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळकसाहेबांना फोन कर. नाताळगीतं गात घरोघरी फिरणारे कॅरलवाले घरी यायला हवेत का, ते स्पष्ट सांग. ‘या, पण एकच गीत, अंगणातच, आणि चहा-फराळ धरू नका’ असंही सांगता येतं. न सांगता दिवे मालवून बसलास तर ते दारात थांबतील आणि मुलं आत कोंडल्यासारखी होतील. चर्चमध्ये कडेची, दाराजवळची जागा घे. रडू बहुतेक गाण्यातच फुटतं, कारण सूर तोच असतो आणि शेजारचा आवाज नसतो. गळा दाटला की गाऊ नकोस, पुस्तक उघडं धरून उभा राहा. मंडळी त्यासाठीच असते, एकाचा आवाज थांबला तर बाकीचे गीत पुढे नेतात. बाहेर जावंसं वाटलं तर जा, पाच मिनिटांनी परत ये, प्रभुभोजन चुकवू नकोस.

धाकटीला आईच्या करंज्या हव्यात ना? मग कर, पण पाव किलो मैद्याच्याच. दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ओल्या फडक्याखाली. सारण गार आणि कोरडं हवं. ते ओलसर राहिलं, किंवा कडेला दुधाचं बोट फिरवायचं राहिलं, की करंजी तेलात उकलते आणि साखर जळून सगळं तेल काळं होतं. आच मंद. वीस-बावीस होतील. तुझ्या आई सांगतील, तू लाट, धाकटी भरेल. चव वहिनींच्या हातची येणार नाही, हे तिला आधीच सांग, म्हणजे पहिल्या घासाला ती एकटी पडणार नाही. शेजाऱ्यांकडे ताटं पाठवणं यंदा राहू दे.

मुलांशी बोलताना ‘आई झोपली आहे’ म्हणू नकोस, लहान मुलं मग झोपायला भितात. ‘देवाला ती हवी होती’ हेही नको, त्यातून देव आई पळवणारा ठरतो. ‘आई आजारी होती, ती वारली, तिचं शरीर आता दुखत नाही, आणि येशूने पुनरुत्थानाचं वचन दिलं आहे’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. मुलं दहा मिनिटं रडून लगेच खेळायला पळतात. त्याचा अर्थ विसरली असा धरू नकोस, त्यांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं. थोरला गप्प असेल तर समोर बसवून विचारू नकोस, ताऱ्याचा कंदील बांधताना बरोबर घे. हात कामात असले की तोंड उघडतं.

पंचविसाच्या जेवणाआधी एक मेणबत्ती लाव. प्रत्येकाने वहिनींची एक आठवण सांगायची, किंवा नुसतं नाव घ्यायचं. मग त्यांच्यासाठी आभाराची छोटी प्रार्थना करून जेवायला बसायचं. पाच मिनिटांहून लांबवू नकोस. नाव अजिबात न घेणं फार वाईट, कारण मग सगळे जण जेवणभर तेच टाळत बसतात.

लोक बोलतील. ‘देवाची इच्छा’ म्हणतील, ‘रडलास तर साक्ष जाते’, म्हणजे लोकांना तुझा विश्वास दिसत नाही, असंही म्हणतील. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, योहानाच्या अकराव्या अध्यायात, आपल्या मराठी बायबलात, ते दोन शब्दांत आहे. पौलानेसुद्धा थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिताना खेद करूच नका म्हटलेलं नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हटलं आहे. पण वाद घालायला तुझ्यात आत्ता त्राण नाही. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हण आणि पुढे हो.

सर्वांत अवघड दिवस बहुधा २६ पासून पुढचे. पाहुणे जातात, भांडी घासून होतात, सुट्टी मात्र संपलेली नसते. त्या दिवसांसाठी रोज एक काम लिहून ठेव: कबरेवरचं गवत काढणं, मुलांची वह्या-पुस्तकं, ज्यांनी जूनमध्ये डबे दिले त्यांच्याकडे एक चक्कर. वहिनींचं कपाट या महिन्यात उघडू नकोस. एकतीसच्या रात्री वर्षाच्या आभाराची साक्ष द्यायला पुढे बोलावतील. ‘या वर्षी नाही’ म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

एक गोष्ट प्रार्थनेवर सोडू नकोस. दोन आठवडे सलग झोप आणि अन्न दोन्ही तुटलं, कामावर उभं राहवेना, किंवा आपणही जावं असं मनात यायला लागलं, तर त्याच दिवशी मला सांग आणि डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या घेतल्याने विश्वास उणा ठरत नाही. एलीयाला भाकर देणारा देव तोच आहे.

आशा कशी दिसते म्हणून विचारलंस, तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच १८८२ साली पती गेले, आणि १९२१ साली मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक. त्या स्वतः पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत केडगावात त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. मन लागत असेल-नसेल, हातातलं पान पुरं करायचं.

मी २७ ला सकाळच्या एसटीने येतो, दोन दिवस राहीन. कबरेवरचं गवत आपण दोघं मिळून काढू, विळा घेऊन येतो. स्वयंपाकाचं आईंना सांगू नकोस, पिठलं-भाकरी मी करीन. मुलांना आणि आईंना सलाम.

ख्रिस्तात तुझा,
मित्र