श्रीलंका धम्मयात्रेच्या तयारीसाठी दिलेल्या चुकीच्या माहितीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग, नागपूर कार्यालय

विषय : सामानाची चुकीची यादी, त्यामुळे पडलेला भुर्दंड आणि ‘ईसीआर’च्या (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी तपासणी हवी, या पासपोर्टवरील शेऱ्याच्या) नावाखाली घेतलेली रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,
सप्रेम जय भीम.

आमच्या विहारातले उपासक-उपासिका आपल्या कंपनीमार्फत नुकतेच श्रीलंकेला जाऊन आले. अनुराधपूरला महाबोधी वृक्षासमोर वंदना घेता आली, याचे समाधान मोठे आहे. माझी तक्रार जाण्याआधीच्या तयारीबद्दल आहे.

आमच्यातल्या बहुतेक बाया कापूस वेचायला आणि सोयाबीन सोंगायला जातात. मजुरीतून आणि बचत गटाच्या कर्जातून त्यांनी आपले हप्ते भरले. विमानात आधी कोणीच बसलेले नव्हते. म्हणून आपल्या प्रतिनिधीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी आम्ही प्रमाण मानली. ती इंग्रजीत होती, मी ती मराठीत उतरवून विहारात वाचून दाखवली. पोहण्याचे कपडे, हाफ पँट, बीचवर घालायची टोपी, रात्रीच्या पार्टीचा ड्रेस असे तिच्यात लिहिले होते. आमच्या कार्यक्रमात अनुराधपूर, मिहिंतले, कँडी आणि केलनिया होते. समुद्रकिनारा एकही नव्हता. दुसऱ्याच कुणासाठी केलेली यादी आपण आमच्या हाती दिली.

त्यात एक ओळ अशी होती : फोटोसाठी रंगीत कपडे घ्यावेत, पांढरे लवकर मळतात, टाळावेत. मी आपल्या प्रतिनिधीला फोन करून मुद्दाम विचारले. ते म्हणाले, “ताई, यादीत आहे तसंच करा.” म्हणून आयाबायांनी धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या साड्या पेटीत परत ठेवल्या. साहेब, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या दीक्षाभूमीवर धम्म घेतला, तिथे आम्ही पांढऱ्या वस्त्रात जातो. तिथला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या बोधीच्या फांद्या आणून लावलेला आहे. त्या मूळ वृक्षापाशी पोचलो तर लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सारे सिंहली उपासक पांढऱ्या कपड्यांत, आणि आमच्या बाया हिरव्या-जांभळ्या सिंथेटिक साड्यांत. सत्तरी ओलांडलेली एक मावशी पुढे जायलाच तयार होईना. तिला पुन्हा तिथे नेणे आमच्याने होणार नाही. या गोष्टीची भरपाई मी मागत नाही, कारण ती होऊ शकत नाही. पण आपण ती समजून घ्यावी.

तिथल्या विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, टोपी आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात. दुपारी स्तूपाभोवतीची फरशी इतकी तापते की पाय टेकवत नाही. पातळ मोज्यांचा एक जोड सोबत असता तर कुणाच्या तळपायाला फोड आले नसते. मिहिंतलेला १,८४० पायऱ्या आहेत. यादीत पार्टीच्या सँडलला जागा होती, काठीला आणि गुडघ्याच्या पट्ट्याला नव्हती.

याहून गंभीर बाब पोरांची आहे. त्यांनी यात्रेसाठी छातीवर बुद्धमूर्ती छापलेले टी-शर्ट शिवून घेतले, आपल्या प्रतिनिधीला दाखवले, आणि त्यांनी वाहवा केली. श्रीलंकेत बुद्धाची प्रतिमा अंगावर, कपड्यावर मिरवणे हा अपमान समजला जातो. २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदलेल्या एका ब्रिटिश बाईला तिथून परत पाठवले होते. आमच्यातल्या एका पोराच्या हातावरही बुद्ध गोंदलेला आहे. चेन्नईच्या विमानतळावर दुसऱ्या जथ्यातल्या भन्तेजींनी पाहिले म्हणून टी-शर्ट बॅगेत गेले आणि त्या पोराने पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला. ज्यांच्या मनात बुद्धाबद्दल श्रद्धाच आहे, त्यांच्यावर परदेशात पोलिसांपुढे उभे राहण्याची वेळ आली असती. हे सांगणे सहल कंपनीचे काम नाही, तर कोणाचे?

आता पैशाचे. यादीत प्रत्येकी तीस किलो सामान लिहिले होते. ती मुभा चेन्नई ते कोलंबोच्या तिकिटावर होती. नागपूर ते चेन्नईचे तिकीट आपण वेगळे काढले होते, आणि त्यावर पंधरा किलोच चालत होते. नागपूरच्या काउंटरवर बायांना बॅगा जमिनीवर उघडाव्या लागल्या. चिवडा, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी बाहेर काढून निम्मे तिथेच सोडले, उरलेल्या वजनाचे किलोमागे पैसे भरले. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाका, असेही आपण लिहिले होते. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते म्हणून पॉवर बँक विमानाच्या पोटात जाऊच देत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतची हातातल्या बॅगेत चालते, आणि बाजारातली २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते. आमच्या बॅगा परत बोलावून उघडल्या, तेव्हा विमान सुटते की काय या भीतीने बाया रडकुंडीला आल्या होत्या.

दहावी न झालेल्या अनेकांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. त्याची परवानगी काढावी लागते, असे सांगून आपल्या माणसाने अशा प्रत्येकीकडून वेगळे पैसे घेतले. ही परवानगी नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांना लागते. श्रीलंका त्या यादीत नाही, आणि आम्ही तर यात्रेला चाललो होतो. न शिकलेल्या बायांच्या अडाणीपणावर केलेली ही कमाई आहे, असे मी स्पष्ट लिहिते.

‘ईसीआर’ची पूर्ण रक्कम आणि नागपूरला भरलेले जादा वजनाचे पैसे पंधरा दिवसांत ज्यांचे त्यांच्या खात्यात जमा करावेत. पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील यादीची प्रत सोबत जोडली आहे. ‘ईसीआर’च्या पैशांची पावती आपण दिलीच नाही, म्हणून त्या प्रत्येकीचे सहीचे वा अंगठ्याचे निवेदन जोडले आहे. मुदतीत पैसे न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून वर्धा जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

आर्वीकडचा एक जथा आपल्यामार्फतच पुढच्या महिन्यात निघतो आहे. त्यांना ती जुनी यादी देऊ नका. पांढरी वस्त्रे, मोजे, दोन्ही तिकिटांवरचे वजन, हातातल्या बॅगेत ठेवायची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे सारे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून निघण्याच्या पुरेसे दिवस आधी त्यांच्या हाती पडले पाहिजे. यादी मी स्वतः तपासून देईन, त्याचे पैसे नकोत.

आपली,
सचिव, महिला उपासिका संघ
ता. देवळी, जि. वर्धा