मोंतोनेचं सूर्यघड्याळ

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी मी मोंतोनेला जाऊन आले. इटलीतल्या पेरूजा शहराच्या उत्तरेला, टेकडीच्या माथ्यावर तटबंदीच्या आत वसलेलं एवढंसं गाव. तिथे आपल्या यशवंत घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलंय. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

माणगावच्या त्यांच्या पुतळ्यासमोर तुम्ही मला हात जोडायला लावायचात. तेव्हा ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले एवढंच ठाऊक होतं. आता ते खोरं डोळ्यांनी पाहिलं. खाली टायबर नदी, दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या बागा. १० जुलै १९४४ ला याच टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा हा बावीस वर्षांचा नाईक लढला. मशीनगनपुढे त्याची सगळी तुकडी मेली किंवा जखमी झाली, एकटा तोच उभा राहिला. हातबॉम्ब टाकत पुढे धावला. गोळ्या भरायला उसंत नव्हती, म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच आडवं केलं. मग लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर नाही की समाधी नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव तेवढं आहे. मला तिथे नारळ फोडायचा होता, पण मिळाला नाही. वाटेवरची तांबडी रानफुलं ठेवली आणि बराच वेळ सावली सरकताना बघत बसले.

आई, तू विचारतेस की उंब्रियात, म्हणजे पेरूजाच्या या प्रांतात, एवढं काय आहे. समुद्र नाही, रोम-फ्लॉरेन्ससारखी गर्दीही नाही. पण इथली माणसं गेलेलं सोडून देत नाहीत. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचं छत कोसळलं. खाली चार माणसं गेली आणि सातशे वर्षांची चित्रं चुरा होऊन पडली. त्या ढिगाऱ्यातून हजारो तुकडे वेचून, एकेक जुळवून त्यांनी होतील तेवढी चित्रं परत छताला लावली. दोन वर्षांत चर्च उघडलं. आजही मधे मधे मोकळे डाग दिसतात. ते तसेच ठेवलेत, आणि मला तेच फार भावलं.

इथला पाव अळणी असतो, तो तुला आवडायचा नाही. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला, पेरूजाने बंड केलं आणि हरलं. तेव्हापासून लोक मिठाविना पाव भाजतात, असं माझी घरमालकीण छातीठोकपणे सांगते. जिंकल्यावर पोपने बंडखोर घराण्याच्या वाड्यांवर किल्ला चढवला, अख्खे रस्ते छताखाली गाडले गेले. पुढे लोकांनी किल्ला पाडला, पण ते गाडलेले रस्ते टिकले, आणि आज त्यांतूनच सरकते जिने वर गावात जातात. म्हणजे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. ओर्व्हिएतोच्या विहिरीत मात्र उतरायचं नाही, २४८ पायऱ्या आहेत. पाणी आणणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून तिथे उतरायचा जिना वेगळा आणि चढायचा वेगळा. मी वरून दाखवीन.

ऑक्टोबरात या. तेव्हा ऊन सौम्य असतं. व्हिसाचे कागद दादाकडे पाठवलेत, त्यावर दोघांच्या सह्या करा. आणि बाबा, बॅगेत एक नारळ नक्की ठेवा.

तुमची,
ताई