काकी, त्या दिवशी तुम्ही वाट अडवलीत

सप्रेम नमस्कार, काकी.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला विचारलेलं नाही आणि ते असं चारचौघांत आलेलं तुम्हाला आवडणारही नाही. मोचेमाडच्या अलीकडच्या कातळावर कालवं काढणाऱ्या काकी, एवढं पुरे. वाडीतल्या कुणाच्या नजरेला पडलं तर ते तुम्हाला वाचून दाखवतील. मागच्या माघात मी आले होते, तर दाराला कडी. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, लेकीकडे गेल्यात मुंबईला. आणलेला पुडा मी त्यांच्याकडे ठेवला. मग त्यांनी मला खळ्यात बसवून एक गोष्ट सांगितली, ती मला तीन वर्षं माहीत नव्हती. त्या गोष्टीमुळेच हे पत्र लिहिते आहे. ती पुढे येईलच.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? कार्तिक वद्य तृतीया होती. मी पुण्याहून एकटीच आले होते. वेंगुर्ल्याच्या बंदरावरून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं शिरोड्याला जायचं, साधारण १८ किलोमीटर, आणि तिथून संध्याकाळची एसटी पकडायची, असा बेत. सकाळी आठला निघाले तेव्हा पुळण इतकी रुंद होती की पाणी गाठायलाच चालावं लागत होतं. सागरेश्वराच्या देवळाजवळ रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही दोरांना माणसं लागली होती, बायका होत्या, शाळेतली पोरंही होती. मीही थोडा वेळ दोराला हात लावला. निघताना एका आजोबांनी चार बांगडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. नको म्हटलं तर म्हणाले, दोराला हात लावला त्याचा वाटा असतो. ते बांगडे घेऊनच मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले.

साडेअकरा वाजले होते. वाळू संपून काळा कातळ सुरू झाला होता. तुम्ही माडाच्या सावलीत कालवांचा ढीग पुढ्यात घेऊन बसला होतात. डाव्या हातात कालव, उजव्या हातात छोटा कोयता, कडेला एक हलकी चोच मारायची, मनगट वळवायचं की शिंपला उघडलाच. वर न बघता तुम्ही विचारलंत, “खय चललंस गो एकटीच?”

शिरोड्याला, मी म्हटलं.

“हयसून? आता जांव नको. पाणी भरता हा.”

मी फोन पुढे केला. त्यातल्या नकाशात उपग्रहाच्या फोटोवर कातळाच्या खालून वाळूची सलग पट्टी स्पष्ट दिसत होती. तुम्ही ती नीट पाहिलीत. मग इतकंच विचारलंत, “ह्येच्यात भरती दिसता?”

दिसत नव्हती, काकी. तो फोटो कधीतरी ओहोटीच्या वेळी काढलेला होता आणि त्यात ती ओहोटी कायमची थांबून राहिली होती. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी तोडून बोलले. म्हटलं, मुंबईला उधाणाला पाणी केवढं चढतं, तुमच्याकडे त्याच्या निम्मं. एवढ्यानं काय होतंय. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उठलात, टोपली उचललीत आणि वाटेच्या मधोमध येऊन बसलात. कोयता पुन्हा चालू.

माझा त्या वेळचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याबद्दल आधी माफी मागते.

एक वाजता तुम्ही मला वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, नेलंत. जिथून मी जाणार होते ती कपार नाहीशी झाली होती. दोन कातळांमधल्या घळीत लाट शिरायची, आतल्या भिंतीवर आपटायची, आणि परतणारं पाणी पुढच्या लाटेला मध्येच भिडून उभंच्या उभं वर उडायचं. जाळ्याचा तुटलेला एक पांढरा बोया आत अडकला होता. तो भिंतीवर जायचा, परत यायचा, बाहेर पडणार असं वाटेपर्यंत पुढची लाट त्याला पुन्हा आत घेऊन जायची. मी किती वेळ त्याच्याकडेच बघत होते. भरती कमी की जास्त, हा तिथं प्रश्नच नव्हता. अरुंद जागेत कोंडलेलं पाणी मीटरात मोजायचं नसतं. तुम्ही बाजूला उभ्या होतात. ‘बघितलंस?’ असंही म्हणाला नाहीत.

मग तुमच्या खळ्यात पेज, आणि माझ्या वाट्याचे ते चार बांगडे चुलीत भाजून. तिथंच तुम्ही मला हिशोब शिकवलात. मी त्याच्यावर गेली तीन वर्षं चालते आहे, म्हणून इथं पुन्हा मांडते. कोकणात चालायला येणाऱ्या आणखी कुणाच्या तरी तो उपयोगी पडेल.

तिथीचे पाऊणपट करायचे. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. तृतीया म्हणजे तिनाचे पाऊणपट, सव्वादोन. हा मुंबईचा हिशोब, तुमच्या मालकांनी गोदीत नोकरी करताना शिकलेला. गावी परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथलं पाणी साधारण तासभर आधी भरतं. म्हणून वेंगुर्ल्यासाठी त्यातून एक तास वजा करायचा. सव्वा. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. घड्याळाला तंतोतंत जुळेल असा हा हिशोब नाही, तासाभराची सोय ठेवायची, हेही तुम्हीच सांगितलंत. मी आता छापील तक्ताही बघते. पण आधी तिथी मोजते, मग तक्ता उघडते. बहुतेक वेळा दोघांचं जमतं.

चार वाजता तुम्ही माझ्याबरोबर निघालात. अनवाणी. मी बूट घालून मागे. “हिरव्यार पाय ठेव नको, पांढऱ्यार ठेव,” असं दर चार पावलांनी म्हणत होतात. हिरवं ते शेवाळ, आणि पांढरा तो बारीक शिंपल्यांचा खरखरीत थर, ज्याच्यावर पाय घट्ट बसतो. वरच्या सड्यावरून जाताना मात्र उलटी ताकीद: कडेला उभी राहू नको, खालून पोकळ आहे. खाली येऊन पाहिलं तर खरंच. वर जांभ्याची टणक टोपी, तिच्याखाली मऊ माती, ती लाटांनी खाऊन टाकलेली, आणि पूर्वी कधीतरी तुटून पडलेले घरांएवढे चिरे पायथ्याशी पाण्यात. फोटोसाठी मी सकाळपासून अशा किती कडांवर जाऊन उभी राहिले होते.

आणि खाडी. ओहोटी चालू असताना खाडीच्या मुखात उतरायचं नाही, कारण तेव्हा आतलं सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेत असतं. ओहोटी पुरी होऊन पाणी थबकलं की मगच, तेही गावातल्या माणसाला विचारून. नाहीतर सरळ वर जाऊन पूल गाठायचा, त्यात कसला कमीपणा.

निरोप घेताना तुम्ही म्हणालात, आरवलीला जाशील तर वेतोबाला सांग. मी गेले. केळ्यांचे घड आणि देवापुढे ठेवलेल्या त्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा पाहिल्या. देव रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो आणि म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, हे पुजाऱ्यांनी सांगितलं. हात जोडले आणि तुमचा निरोप सांगितला. शिरोड्याची एसटी त्या दिवशी चुकली. रात्र वेळागरला काढली आणि सकाळी मिठागरं बघितली, जिथं १९३० साली लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. घाईनं पोचले असते तर ती अंधारात मागे पडली असती.

त्यानंतर दर हिवाळ्यात येते. वायंगणीला गेले, तिथं कासवांच्या अंड्यांभोवती जाळीची कुंपणं घातलेली पाहिली. केळूस, खवणे, निवती, आणि निवतीहून भोगवे, हा मला सगळ्यात प्रिय तुकडा: सड्यावर वाळलेलं सोनेरी गवत, खाली निळं पाणी, आणि लांबवर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक, ज्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. रेडीला यशवंतगडावर चढले, तिथल्या भिंतींना वडाच्या मुळांनी धरून ठेवलंय. तेरेखोलहून तरीनं पलीकडे केरीला उतरले, तेव्हा वाटलं, आता हा किनारा आपल्या पायांना ओळखीचा झाला. दोनदा मी कातळापाशी येऊन थांबले आणि तीन-तीन तास बसून राहिले. एकदा बरोबर चौघी मैत्रिणी होत्या, त्यांना कंटाळा आला. मी उठले नाही. वाटेच्या मधोमध बसले, तुमच्यासारखी.

आता ती शेजारच्या वहिनींनी सांगितलेली गोष्ट.

त्या दिवशी तुम्ही साडेबाराच्या गाडीनं वेंगुर्ल्याच्या बाजारात जाणार होतात. एका घरून कालवांची मागणी होती, म्हणून पहाटेच्या ओहोटीला उतरून तुम्ही एवढा ढीग काढला होता. गाडी गेली. वहिनींनी हाक मारली तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, “मी गेलंय तर ही बाय उठान जातली.” आणि ती कालवं संध्याकाळी वाडीत घरोघर वाटून टाकलीत.

काकी, मला वाटत होतं की तुम्ही तशाही तिथं बसलाच होतात. मी तुमच्याकडे जेवले, निघताना शंभर रुपये पुढे केले, तुम्ही ते परत माझ्या पिशवीत घातलेत, आणि त्यावर मी नुसतं “थँक्यू हं” म्हटलं. एका सबंध पहाटेचं काम पाण्यात उभं राहून, कंबर मोडून केलेलं, ते माझ्यासाठी सोडलं होतं, तेही मी तोडून बोलल्यानंतर. मला पोचवायला आलात तेव्हाही त्यातलं अवाक्षर बोलला नाहीत. घळीतला तो बोया मी अनेकदा आठवते. पण हल्ली त्याहून जास्त आठवतो तो कालवांचा ढीग, आणि मधूनच रस्त्याच्या दिशेनं गेलेली तुमची नजर. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही कुणाची वाट बघताय. तुम्ही गाडीचा आवाज ऐकत होतात.

मनापासून आभार मानते, काकी. त्या दिवसाचे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाटेचे.

वहिनी म्हणाल्या की मार्गशीर्षात तुम्ही परत येणार. मी शुद्ध बीजेला येते आहे. दोनाचे पाऊणपट दीड, एक तास वजा, साडेबाराला भरती. म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला. तुम्ही तेव्हा कातळावर असाल. मीही साडेसहाला तिथं येते. या वेळी टोपली मी धरीन, आणि साडेबाराच्या गाडीला आपण दोघी जाऊ.

तुमची,
पुण्याची बाय