मांड्यांच्या खोक्यावरचे अक्षर: पेंटर काकांना आभारपत्र

आदरणीय पेंटर काका,

सादर नमस्कार.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पपुस्तिकेत आभाराच्या पानावर तुमचे नाव छापायचे नाही, असे तुम्ही मला बजावले होते. रंगवणाऱ्याचे नाव पाटीच्या कोपऱ्यात असते आणि ही पाटी तुझी आहे, एवढेच कारण तुम्ही दिलेत. तुमचा शब्द मी पाळला. परंतु गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या तुमच्या दुकानाच्या फळीवर बसून मी जे शिकले, त्याचे ऋण मनातल्या मनात ठेवणे मला जड जाते. म्हणून तुमचे नाव न घेता, पण चारचौघांना वाचता येईल असे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या प्रकल्पाचा विषय होता मांडे. आमच्या गल्लीतल्या काकू लग्नसराईत मांडे करून देतात, आणि बेळगावकडच्या लग्नकार्यात मांड्यांना केवढा मान असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. लाटी हातांवर झेलत झेलत पातळ करत न्यायची, उलट्या कढईवर टाकायची, पिठीसाखर आणि खसखशीचे सारण पसरायचे आणि गरम आहे तोवर चौकोनी घडी घालायची. एकदा ती थंड होऊन कडक झाली की बोटाच्या धक्क्यानेही तिचा कोपरा तुटतो. खापर मिळाले नाही म्हणून ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, ही कथा लहानपणापासून ऐकत आले होते. पण प्लास्टिकच्या पिशवीतून पुण्याला नेलेल्या मांड्यांचा तिथे पोहोचेपर्यंत चुरा झालेला असतो, याकडे मी विद्यार्थिनी म्हणून प्रथमच पाहत होते. काकूंना खोके हवे होते, आणि त्या खोक्यावर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतले नाव.

तुमची माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. संगणकावर मी लेबल जुळवले, त्याच्या 100 प्रती छापून आणल्या, आणि पाऊस थांबेपर्यंत तुमच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. तुम्ही एक लेबल उचललेत आणि दोन क्षणांत विचारलेत, "अगं, तुप्पातला वत्तु कुठं गेला?" मी 'शुद्ध तुप्प', म्हणजे शुद्ध तूप, असे कन्नडमध्ये लिहिले होते. जोडाक्षरातला दुसरा वर्ण कन्नडमध्ये पहिल्याच्या खाली, जरा उजवीकडे, लहान होऊन बसतो. माझ्या लेबलावर मात्र तो खाली न बसता शेजारी सुटा उभा राहिला होता आणि दोन्ही शब्द मोडून पडले होते. आज्ञावलीत भारतीय लिप्यांसाठीची जुळणी मी चालूच केलेली नव्हती. घरी मराठी बोलणाऱ्या, कन्नड शाळेपुरती शिकलेल्या मला ते दिसले नाही, आणि त्या लेबलावर ज्या काकूंची भाकरी अवलंबून होती त्यांनाही ते दिसले नसते. तुमच्या घरी कन्नड आणि धंद्यात मराठी. तुम्हाला दोन्ही लिप्या सारख्याच जवळच्या, म्हणून तुम्हाला ते चालता चालता दिसले. ती 100 लेबले मी तिथेच फाडली. तुम्ही रागावला नाहीत. "उद्या सकाळी ये, कागद घेऊन ये," असे म्हणालात.

वर्गात आम्ही सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या कामाचा अभ्यास केला होता. संगणकावर वर्षानुवर्षे दिसणारा 'मंगल' हा फाँट त्यांनी रेखाटला, हे मला ठाऊक होते. रोमन अक्षरांसाठी टाकाचे टोक ज्या बाजूने तिरके कापतात त्याच्या उलट बाजूने देवनागरीसाठी बोरूचे टोक कापावे लागते, हेही मला पाठ होते. पण बोरू कापून तो कागदावर टेकवला की मनगट कुठे थांबवायचे, हे पाठ करून येत नाही. पहिले आठ दिवस तुम्ही मला एकही अक्षर काढू दिले नाही. जुन्या वर्तमानपत्रावर फक्त उभे काने आणि आडव्या शिरोरेखा काढून घेतल्यात, आणि मी भराभर पान भरू लागले की रंगाच्या डब्यावरून नजर न उचलता म्हणायचात, "घाई कशाला करूलालीस? रेघ संपू दे की." ती रेघ संपेपर्यंत श्वास रोखायचा नाही, सोडत जायचा, हे तुम्ही सांगितले नाहीत, करून दाखवलेत. पत्र्यावर खडूच्या दोऱ्याने सूत मारून तुम्ही शाळेच्या पाटीची शिरोरेखा ओढत होता; डाव्या हातातल्या काठीवर उजवा हात टेकलेला होता आणि चपटा ब्रश एकाच दाबाने चार फूट सरकत गेला. मी तुमच्या हाताकडे पाहत होते. तुम्ही मात्र ब्रशच्या पुढे वीतभर, अजून न ओढलेल्या जागेकडे पाहत होता.

'मांडे' हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा आहे, पण त्याने मला तीन आठवडे झुलवले. अनुस्वार कान्याच्या डोक्यावर येतो आणि त्याला लागूनच ड वरची मात्रा डावीकडे झुकत वर जाते. मोठ्या पाटीवर त्यांच्यात जागा राहते. खोक्याच्या झाकणावर अक्षर दोन बोटांएवढे झाले की टिंब आणि मात्रा एकमेकांना चिकटतात आणि वाचणारा अडखळतो. मी टिंब लहान केले, तर ते छपाईत हरवले. मात्रा आखूड केली, तर ती तुटलेल्या कानासारखी दिसू लागली. तुम्ही माझे सगळे कागद भिंतीवर उलटे, डोके खाली पाय वर असे टाचलेत आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायला सांगितलेत. शब्द वाचता येईनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा पांढरी जागा दिसली: म च्या गाठीपासून कान्यापर्यंतची जागा कोंदलेली होती आणि कान्यापासून ड पर्यंतची मोकळी पडली होती. मग तुम्ही पेन्सिलीने एकच 'मां' काढलात. टिंब कान्याच्या बरोबर डोक्यावर न ठेवता किंचित म कडे सरकवलेत, बोरूच्या टोकाने पडते तसे चौकोनी तिरके केलेत, आणि मला म्हणालात की मात्रेला उंच चढू दे, पडू देऊ नको. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

कन्नड ओळ त्याहून अवघड निघाली. तिकडे या पदार्थाचे नावच वेगळे, 'मंडिगे', आणि ते मराठीपेक्षा लांब. शिवाय मराठीतला अनुस्वार डोक्यावर टिंब होऊन बसतो, तर कन्नडची सोन्ने, म्हणजे तिकडचा अनुस्वार, पूर्ण गोल होऊन ओळीत अक्षराची जागा घेते. दोन्ही नावांची उंची मी पट्टीने सारखी केली तेव्हा कन्नड नाव सबंध झाकण व्यापून बसले. तुम्ही पट्टी काढून घेतलीत. शिरोरेखेमुळे देवनागरी शब्द एका दांडीला बांधल्यासारखा दिसतो, कन्नड अक्षरे गोल आणि सुटी असतात, त्यामुळे वजन डोळ्याने जुळवायचे, मापाने नाही, असे तुमचे म्हणणे होते. "कन्नडला ब्रश फिरवायचा, मराठीला ओढायचा" हे तुमचे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. एका आराखड्यात मी सोन्नेच्या जागी गोल मांड्याचे चित्र काढले होते आणि त्यावर मनातून फार खूश होते. तुम्ही ते खोडायला लावलेत, कारण ज्याला ते चित्र सोन्ने म्हणून ओळखता येणार नाही त्याच्यासाठी नावच अर्धे राहील. तेव्हा मला वाईट वाटले होते, आज वाटते की त्या एका खोडण्याने माझा प्रकल्प वाचला.

खोक्यासाठी तुम्ही मला तुमच्या स्कूटरवरून साड्यांची खोकी करणाऱ्या तुमच्या मित्रांकडे नेलेत, त्याबद्दल स्वतंत्र आभार मानते. 350 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचा, डुप्लेक्स बोर्ड हा पुठ्ठा मी जाडी पाहून निवडला होता, पण कागदाला धागा असतो आणि क्रीज, म्हणजे घडीची दाबून पाडलेली रेघ, त्या धाग्याला धरून पडली तर घडी सहसा फाटत नाही, हे मला तिथे कळले. त्यांनी बोर्डाची एक पट्टी पाण्याने ओली केली, ती वळली, आणि ज्या अंगाने ती नळीसारखी गोल झाली त्यावरून धाग्याची दिशा दाखवली. माझ्या डायमध्ये, म्हणजे खोके कापायच्या साच्यात, लांब बाजू आडव्या धाग्यावर आल्या होत्या, म्हणून बेळगावच्या पावसाळी हवेत खोक्याचे पोट फुगत होते. डाय फिरवून घेतली. आत तुपाचा डाग उमटू नये म्हणून बटर पेपर आणि मांडे हलू नयेत म्हणून आतून एक उभी पट्टी, एवढ्यावर ते काम संपले.

एक मतभेद झाला होता, त्याचाही उल्लेख करते. अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, शाकाहाराचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, हे सगळे मला हाताने रेखाटायचे होते. तुम्ही म्हणालात की नियमाची अक्षरे छापाचीच ठेव, म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. मी नंतर नियम वाचले. लेबलावरची ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. त्याशिवाय आणखी कोणत्याही भाषेत लिहायला मुभा आहे. म्हणजे माझ्या झाकणावरची मराठी आणि कन्नड नावे कोणत्याही अन्ननियमाने मागितलेली नव्हती. ती आम्ही आमच्या माणसांसाठी लिहीत होतो. हे लक्षात आल्यावर माझा हट्ट गेला: मागची बाजू साध्या छापाच्या अक्षरांत राहिली आणि हाताचे सगळे कष्ट झाकणावरच्या दोन शब्दांत गेले. गावाच्या नावाचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, म्हणून मागच्या पत्त्यात ते. मराठी नावाखाली मात्र काकूंच्या तोंडचे बेळगाव.

काका, तुम्ही माझ्याकडून शिकवणीचा एक रुपयाही घेतला नाहीत. ज्या दिवसांत फ्लेक्सवाल्यांनी तुमचे निम्मे काम नेले होते, त्या दिवसांत तुम्ही रोज सकाळचा तासभर मला दिलात, आणि गिऱ्हाईक आले तरी मला फळीवरून उठवले नाहीत. काकींनी रोज न विचारता दोन कप चहा पाठवला. याची परतफेड होत नाही, ती करायचीही नाही, पण ते घडले हे लिहून ठेवणे मला माझे काम वाटते.

पहिल्या छपाईतले पहिले खोके, पाच मांड्यांसह, मी मंगळवारी तुमच्या दुकानात ठेवून आले. झाकण उघडलेत तर आतल्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने काढलेला तो 'मां' जसाच्या तसा छापलेला दिसेल. त्याखाली नाव नाही. ते टिंब अजून केसभर उजवीकडे आहे, असा तुमचा निरोप काकूंकडून मिळाला. पुढच्या छपाईच्या आधी, रविवारी सकाळी, कागद घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
फळीवरची विद्यार्थिनी