ठप्प्याचा तडा आन् खिळ्याचा ओरखडा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

जिंतूरला माझं किराणा दुकान आहे, रात्री गल्ला मोजताना चिल्लर भिंगाखाली बघायचा नाद जुनाच. मागच्या आठवड्यात गल्लीतलं एक पोरगं वैष्णोदेवीवालं पाचचं नाणं घेऊन आलं, मोबाईलवर कुणीतरी त्याला 'एरर पीस आहे (म्हंजे टांकसाळीत छापताना चुकलेलं नाणं), दहा लाख देतो' म्हणलं आन् रजिस्ट्रेशनचे म्हणून साडेअकराशे आधीच उकळले. बघतो तर खिळ्यानं ओरखडलेलं नाणं! २०१२ ची ती नाणी चिल्लर म्हणूनच आलती, माझ्याच गल्ल्यातून कितीतरी गेली. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, कसली फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ लाच सांगितलंय, पण ऐकतंय कोण.

साहेब, पारख सोपी आहे. रेघेवरून नख फिरवायचं, खाली अडकलं तर ओरखडा, रेघ उंच लागली तर ठप्प्याचा, म्हंजे नाण्यावर नक्षी उठवणाऱ्या साच्याचा तडा. टांकसाळीत ठप्पा आदळून आदळून पोलाद असलं तरी तडकतं, मग दाबानं नाण्याचा धातू त्या फटीत घुसतो म्हणून रेघ वर येते. माझ्याकडं २००७ चा ठेंग्यावाला रुपया आहे, अंगठ्याच्या टोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ, नखाला चक्क लागते. कडेला ठप्प्याचा तुकडाच उडाला असंल तर तिथं गुळाच्या खड्यासारखा फुगवटा येतो, त्यावर नक्षी नसते.

दोन्हीकडं छापा असलेलं नाणं कुणी दाखवलं तर आतली कड भिंगातून बघा, बहुतेक वेळा दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात, सांधा दिसतोच. आन् सालाखाली पत्त्यातल्या चौकटीसारखा ठिपका मुंबईच्या टांकसाळीचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसलं तर कोलकात्याचं, तर तेच 'ठिपका विसरलेलं नाणं' म्हणून पाचशेला विकणारा बहाद्दर मला एका प्रदर्शनात भेटला!

तुमच्या पेपरात पण अधूनमधून 'या नाण्याचे मिळतील लाखो' छापून येतं. छापा, पण खाली नखाची परीक्षा दोन ओळीत देत जा ना, त्या पोराचे साडेअकराशे त्याच्या आईच्या शिलाईचे होते.

ठेंग्यावाला रुपया डबीत ठेवलाय, बघायचा असंल तर दुकानावर या, दुपारी दोन ते चार सोडून.

– एक किराणा दुकानदार, जिंतूर, जि. परभणी